दोषाची जाणीव आणि पश्चात्ताप: ‘मॅकबेथ’ नाटकावरून एक पाठ



मंडळीच्या पत्रांत नाटकाविषयीं पाठ कां, असा प्रश्न कोणाच्या मनांत आल्यास त्यानें नाथान संदेष्ट्याची आठवण करावी, अशी आमची विनंति आहे. दावीद राजानें उरीयाचा घात करविला व त्याची स्त्री आपल्या घरांत आणिली. त्यानंतर नाथान त्याच्याकडे आला. पण त्यानें आरंभींच राजाच्या पापाचें नांव काढिलें नाहीं. एका श्रीमंतानें एका गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी कशी हिरावून घेतली, ही गोष्ट त्यानें सांगितली. दावीद त्या श्रीमंतावर संतापला, आणि संतापाच्या भरांत त्यानें आपलाच न्याय केला. स्वतःचा दोष ज्याला उघड दिसत नाहीं, त्याला तो दुसऱ्याच्या गोष्टींत पुष्कळदां दिसतो. थोर शोकान्त नाटकें हेंच काम करितात.

या पाठांत एकच गोष्ट शिकावयाची आहे. आपण दोषी आहों असें मनाला टोंचणें हें एक, आणि पश्चात्ताप करणें हें दुसरें. पुष्कळ लोक या दोहोंना एकच समजतात. प्रार्थनेच्या वेळीं ज्याचे डोळे भरून आले त्यानें पश्चात्ताप केलाच, असें आपण धरून चालतों. ‘मॅकबेथ’ हें नाटक या समजुतीची कठोर परीक्षा घेतें. कारण त्यांतील खुनी मनुष्यास आपल्या दोषाची जाणीव फारच तीव्र आहे, आणि तरीही तो शेवटपर्यंत मागें फिरत नाहीं.

१. नाटक व त्याचा आधार

विल्यम शेक्सपियर (१५६४–१६१६) या इंग्रज नाटककारानें हें नाटक सुमारें १६०६ सालीं लिहिलें. त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ सालीं, त्याच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला त्यांत तें प्रथम छापलें गेलें. त्याच्या शोकान्त नाटकांत हें सर्वांत लहान आहे. त्या वेळीं इंग्लंडच्या गादीवर जेम्स राजा होता. तो मूळचा स्कॉटलंडचा राजा. १६०३ सालीं त्याला इंग्लंडची गादीही मिळाली. १६०५ सालीं बंदुकीच्या दारूनें पार्लमेंट उडवून त्याला ठार करण्याचा कट उघडकीस आला होता. म्हणून राजहत्या हा विषय त्या वेळच्या प्रेक्षकांना दूरचा वाटला नसेल. मराठींत वि. वा. शिरवाडकर यांनीं याच नाटकावरून ‘राजमुकुट’ हें नाटक १९५४ सालीं आणिलें, म्हणून ही कथा आपल्या भाषेंतही परकी राहिलेली नाहीं.

शेक्सपियरनें कथा होलिन्शेड नांवाच्या लेखकाच्या बखरींतून घेतली. पण ती जशीच्या तशी घेतली नाहीं. इतिहासांत मॅकबेथ नांवाचा राजा खरोखर होऊन गेला. १०४० सालीं डंकन राजा लढाईंत मारला गेला आणि मॅकबेथ गादीवर आला. त्यानें सतरा वर्षें राज्य केलें. १०५० सालीं तो रोमला गेला व तेथें त्यानें गरिबांस मुक्तहस्तानें पैसा वांटला, अशी जुनी नोंद आहे. १०५७ सालीं तो मारला गेला. झोंपलेल्या पाहुण्याचा खून त्याच्या चरित्रांत नाहीं. ती हकीकत बखरींतील दुसऱ्याच एका राजाची आहे. खुनी राजाला रात्रीं ऐकूं येणारा आवाजही तिसऱ्या एका राजाच्या हकीकतींतून आला आहे. असे तीन धागे एकत्र विणून शेक्सपियरनें आपला मॅकबेथ उभा केला. यापुढें आपण बोलणार तें या नाटकांतील मॅकबेथविषयीं; खऱ्या राजावर हा आरोप ठेवूं नये.

२. कथा

स्कॉटलंडांत डंकन नांवाचा सौम्य स्वभावाचा वृद्ध राजा राज्य करीत आहे. मॅकबेथ हा त्याचा आप्त व शूर सेनापति. लढाई जिंकून तो व त्याचा सोबती बॅंको माळरानावरून परत येत असतां त्यांना तीन चेटकिणी भेटतात. त्या मॅकबेथला ग्लॅमिसचा सरदार, कॉडरचा सरदार व पुढें होणारा राजा, अशा तीन नांवांनीं मुजरा करितात. बॅंकोला त्या सांगतात कीं तूं राजा होणार नाहींस, पण तुझ्या वंशांत राजे होतील. ग्लॅमिसची सरदारकी मॅकबेथकडे होतीच. कॉडरचा सरदार फितूर झाल्यामुळें त्याचीही सरदारकी राजानें मॅकबेथला दिली, अशी बातमी लगेच येते. एक बोल खरा ठरला, तेव्हां दुसराही ठरेल, या विचाराबरोबर त्याच्या मनांत खुनाची कल्पना शिरते. खून कर असें चेटकिणींनीं त्याला सांगितलेलें नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

राजा डंकन त्याच्या किल्ल्यांत पाहुणा म्हणून उतरतो. पत्नीच्या आग्रहानें मॅकबेथ त्याच रात्रीं झोंपलेल्या राजाला खंजिरानें ठार करितो, आणि दोष राजाच्या सेवकांवर ढकलून सकाळीं त्यांनाही मारितो. राजपुत्र माल्कम इंग्लंडास व डोनलबेन आयर्लंडास पळून जातात. मॅकबेथ राजा होतो. मग तो बॅंकोवर मारेकरी घालतो. बॅंको मरतो, त्याचा मुलगा फ्लीअन्स निसटतो. पुढें मॅकडफ नांवाचा सरदार इंग्लंडास गेला असें कळतांच मॅकबेथ त्याच्या बायकोमुलांची कत्तल करवितो. इकडे राणीचें मन बिघडून तिचा अंत होतो. माल्कम इंग्रज सैन्य घेऊन येतो, आणि मॅकडफच्या हातून मॅकबेथ मारला जातो.

३. पाप करण्यापूर्वींच त्याला सर्व ठाऊक होतें

पहिल्या अंकाच्या शेवटीं राजा आंत भोजनास बसला आहे, आणि मॅकबेथ एकटाच बाहेर येऊन विचार करीत आहे. त्याचीं कारणें आपण मोजून पाहूं. डंकन माझा आप्त आहे. मी त्याचा प्रजाजन आहें. तो माझ्या घरीं पाहुणा आहे, आणि मारेकऱ्याला दाराबाहेर ठेवणें हें यजमानाचें काम असतां मींच सुरी कशी उचलावी? शिवाय तो इतका निर्मळ राजा आहे कीं त्याचे सद्गुण देवदूतांप्रमाणें या घाताविरुद्ध गर्जना करितील. अशीं चार कारणें एका बाजूला. दुसऱ्या बाजूला केवळ महत्त्वाकांक्षा. तो स्वतःच हा हिशेब करितो, व हें काम पुढें न्यावयाचें नाहीं असें पत्नीला सांगतोही. ती त्याला भेकड म्हणते, त्याच्या पुरुषार्थाला डिवचते, आणि काम साधण्याची युक्ति पुढें मांडते. चार मोठ्या कारणांनीं जें उभें केलें होतें तें टोमण्यानें पडतें.

अज्ञानामुळें पाप घडतें, आणि ज्ञान दिलें कीं पाप थांबेल, असें आपल्यांतील कित्येक शिक्षकांना वाटतें. मॅकबेथला ज्ञानाची उणीव नव्हती. आपल्या गांवींही जो शेजाऱ्याचा बांध कोरतो त्याला बांध कोणाचा हें पक्कें ठाऊक असतें. भावकींतल्या चौघांनीं त्याला भित्रा म्हटलें, एवढें पुरे होतें. म्हणून ज्याला योग्य काय तें शिकवावयाचें, त्याला लोकांचें हंसणें सोसण्याचें बळही शिकविलें पाहिजे.

याच ठिकाणीं बॅंकोकडे पाहावें. चेटकिणींचे शब्द त्यानेंही ऐकिले होते. त्यालाही रात्रीं वाईट विचार छळतात. पण ते विचार आवरून धर अशी तो वरच्या शक्तींना विनवणी करितो. मोह दोघांनाही झाला. एकानें त्याला घरांत बसविलें, दुसऱ्यानें त्याच्याविरुद्ध मदत मागितली. तथापि बॅंकोही अगदीं निर्दोष सुटत नाहीं. मॅकबेथनें राज्य कपटानें मिळविलें असा संशय त्याला आहे. पण आपल्या वंशाला मिळणाऱ्या राज्याची आशाही आहे, म्हणून तो गप्प राहतो. ही चूक त्याला प्राणावारी भोवते.

४. कृत्याची रात्र

खून रंगभूमीवर दाखविलेला नाहीं. आपल्याला दिसतो तो खुनानंतरचा मनुष्य. मॅकबेथ रक्तानें भरलेले हात घेऊन बाहेर येतो आणि पत्नीला एक विलक्षण गोष्ट सांगतो. शेजारच्या खोलींत दोघे जण झोंपेंतून जागे झाले. एक हंसला, दुसरा खून म्हणून ओरडला. मग दोघांनीं देवाचें नांव घेतलें, प्रार्थना केली आणि पुन्हां निजले. एकानें देवाचा आशीर्वाद मागितला, दुसऱ्यानें आमेन म्हटलें. मॅकबेथलाही आमेन म्हणावयाचें होतें. आशीर्वादाची गरज सर्वांत अधिक त्यालाच होती. पण शब्द घशांत अडकला. तो कां अडकला, असें तो पत्नीला पुन्हां विचारितो. या गोष्टीचा इतका खोल विचार करूं नये, नाहीं तर वेड लागेल, एवढेंच ती म्हणते. पुढें वेड कोणाला लागलें, हें आपल्याला माहीत आहे.

त्याला आणखी एक आवाज ऐकूं आला होता, कीं मॅकबेथनें झोंपेचाच खून केला आहे, आतां त्याला झोंप मिळणार नाहीं. हा शाप पुढें अक्षरशः खरा ठरतो. तो खंजीर परत खोलींत ठेवावयास जाऊं शकत नाहीं; पत्नी तें काम करिते आणि हात रंगवून परत येते. मॅकबेथला वाटतें कीं सगळ्या समुद्राचें पाणीही आपले हात धुवूं शकणार नाहीं. उलट समुद्रच लाल होईल. पत्नीला वाटतें कीं थोड्याशा पाण्यानें काम भागेल. इतक्यांत बाहेरून दार ठोठावल्याचा आवाज येतो, आणि मॅकबेथ म्हणतो कीं या आवाजानें डंकन जागा होईल तर किती बरें! येथें त्याचें दुःख खोटें नाहीं. तो ढोंग करीत नाहीं. त्याचें मन त्याला खरोखर फाडून टाकीत आहे.

मग पश्चात्तापाला काय उणें आहे? उणें आहे तें पुढच्या क्षणाचें. दार ठोठावणारे लोक आंत येतात तेव्हां त्यांच्यापुढें सत्य बोलणें त्याला शक्य होतें. तो हात धुतो, रात्रीचे कपडे चढवितो, आणि आश्चर्याचें सोंग करितो. एवढेंच करून तो थांबत नाहीं. दोष ज्यांच्यावर घालावयाचा त्या सेवकांनाही ठार करून त्यांचीं तोंडें बंद करितो. रात्रीं हळहळला, सकाळीं आणखी दोन खून केले. मनाची टोंचणी आणि पापाचें काम शेजारीं शेजारीं राहूं शकतात, हें या प्रवेशावरून शिकावें.

५. नवऱ्याची वाट व बायकोची वाट

यानंतर दोघांच्या वाटा फुटतात. आरंभीं मॅकबेथ कोमल व पत्नी कठोर दिसते. खुनापूर्वीं तिनें अंधाराच्या शक्तींना हांक मारून आपल्या मनांतील करुणेची वाट बंद करून टाकण्यास सांगितलें होतें. तरीही एक फट राहिली होती. निजलेला राजा तिला आपल्या पित्यासारखा दिसला, म्हणून तिच्यानें स्वतः घाव घालवला नाहीं. ती हें ओझरतें बोलून जाते. पण तिचें मन तिनें समजूत करून घेतली तितकें मेलेलें नव्हतें, हें यावरून कळतें.

मॅकबेथ मात्र दिवसेंदिवस टणक होत जातो. बॅंकोच्या खुनाविषयीं तो पत्नीला विश्वासांतही घेत नाहीं. मेजवानीच्या प्रसंगीं बॅंकोचें भूत त्याच्या आसनावर येऊन बसतें. तें दुसऱ्या कोणाला दिसत नाहीं. त्याला मात्र रक्तानें माखलेले केंस दिसतात. सर्व पाहुण्यांसमोर तो किंचाळतो, पत्नी कशीबशी वेळ निभावून नेते, आणि सभा मोडते. ही रात्र परत फिरण्याची दुसरी संधि होती. पण तो असा हिशेब करितो कीं आपण रक्ताच्या नदींत इतके आंत आलों आहों कीं मागें फिरणें हें पलीकडे जाण्याइतकेंच कष्टाचें आहे. तेव्हां पुढेंच जावें.

बंधुभगिनींनो, हा हिशेब नीट तपासून पाहा, कारण तो फार लोकांनीं केलेला आहे. इतकी वर्षें खोटा हिशेब लिहिला, आतां खरा सांगून काय उपयोग? इतके दिवस दारू प्यालों, आतां सोडून कोणता मान परत येणार? मॅकबेथच्या हिशेबांत एक मोठी चूक आहे. नदीच्या दोन्ही तीरांचें अंतर सारखें असेलही. पण मागच्या तीरावर मॅकडफची बायको व लेकरें जिवंत आहेत. पुढें गेल्यानें त्यांचा जीव जातो. उशीर झाला असें म्हणणारा स्वतःच्याच कष्टांचें मोजमाप करितो. आपल्या पुढें जाण्यानें ज्यांचें नुकसान व्हावयाचें आहे त्यांना तो मोजीत नाहीं.

अशा रीतीनें मन दगड होत जातें. शेवटच्या अंकांत स्त्रियांचा आक्रोश ऐकूं येतो तेव्हां तो म्हणतो कीं भीतीची चव आपण जवळजवळ विसरलों आहों. राणी मेल्याची बातमी येते, आणि ज्या स्त्रीला त्यानें आरंभीं आपल्या थोरवींतील सोबतीण म्हणून पत्र लिहिलें होतें तिच्यासाठीं त्याच्या डोळ्यांत पाणीही येत नाहीं. आयुष्याला कांहीं अर्थच नाहीं, एवढें तो बोलतो. म्हातारपणीं मिळावयाचें प्रेम, मान व मित्र आपल्या वांट्याला येणार नाहींत, हेंही त्याला स्पष्ट दिसतें. त्याची जाणीव शेवटपर्यंत शाबूत आहे. फिरण्याची इच्छा मात्र संपली आहे.

६. राणीची रात्र

पांचव्या अंकाच्या आरंभीं राणी झोंपेंत चालतांना दिसते. तिच्या उशाशीं दिवा सतत जळत ठेवण्याचा तिचा हुकूम आहे. अंधाराच्या शक्तींना बोलावणारी स्त्री आतां अंधाराला भिते. एक दासी व एक वैद्य दाराशीं उभे राहून पाहतात. राणी हात चोळते. कधीं कधीं पाव तास ती असें करीत असते, असें दासी सांगते. डाग जात नाहीं. रक्ताचा वास जात नाहीं. अरबस्तानांतील सारीं अत्तरेंही या लहानशा हाताला सुवास देऊं शकणार नाहींत, असें ती म्हणते. थोडें पाणी पुरेल असें जी म्हणाली होती तीच ही. पंतय पिलातानेंही लोकसमुदायापुढें पाणी घेऊन हात धुतले. पण त्यानें त्याचा निवाडा बदलला नाहीं. बाहेरच्या पाण्याला आंतल्या डागाशीं काम नसतें.

या प्रवेशांतील वैद्य व दासी यांच्याकडे उपदेशकांनीं व मंडळीच्या वडिलांनीं विशेष लक्ष द्यावें. दासीनें राणीचे शब्द पूर्वीं ऐकिले आहेत. पण दुसरा साक्षी नसल्यामुळें ती ते उच्चारावयास तयार नाहीं. वैद्य सर्व समजतो. या बाईला वैद्यापेक्षां धर्मगुरूची गरज अधिक आहे, असें तो उघड म्हणतो. आणि मग काय करितो? तिला इजा होईल अशा वस्तु दूर ठेवावयास दासीला सांगतो, मनांत आहे तें बोलण्याचें धैर्य नाहीं असें म्हणतो, आणि निघून जातो. धर्मगुरु आलेला आपल्याला नाटकांत दिसत नाहीं. पुढें मॅकबेथ त्याच वैद्याला विचारितो कीं दुखावलेल्या मनाला बरें करण्याचें औषध तुझ्याजवळ नाहीं काय? वैद्य उत्तर देतो कीं तेथें रोग्यानेंच आपला उपचार केला पाहिजे. मॅकबेथ चिडतो व औषधें कुत्र्यांना घालावयास सांगतो. जो प्रश्न त्यानें पत्नीच्या नांवानें विचारिला तो त्याचाही होता, पण तो स्वतःसाठीं उत्तर मागत नाहीं.

राणी दोषाचा भार घेऊन झोंपेंत बोलते, कारण जागेपणीं ऐकणारा कोणी नाहीं. नवरा आपल्या कामांत, दासी भयांत, वैद्य सावधगिरींत. शेवटीं तिनें स्वतःच्या हातानें प्राण दिला असें लोक म्हणतात, असा उल्लेख येतो. यहूदा इस्कार्योत याचीही अशीच गति झाली. त्यानें तीस रुपये परत आणिले व आपण निर्दोष रक्त धरून दिलें अशी कबुली मुख्य याजकांपुढें दिली. त्यांनीं तें तुझें तूंच पाहा, या अर्थाचें उत्तर देऊन त्याला वाटेला लाविलें. ज्यांचें काम कबुली ऐकण्याचें त्यांनींच दार लाविलें. आपल्या वस्तींत एखादी बाई रात्रीं झोंपत नाहीं, एखादा मनुष्य उगाच हात चोळीत बसतो, एकटाच बोलतो, असें दिसल्यास त्याच्याविषयीं गांवभर कुजबुज करण्यापेक्षां त्याच्या जवळ जाऊन बसावें. त्याला एकटें सोडूं नये. शरीराला औषध लागत असेल तर डॉक्टरकडे न्यावें. आणि तो बोलूं लागल्यास ऐकून घ्यावें, व ऐकलेलें आपल्यापाशीं ठेवावें.

७. अडथळा कोठें आहे?

जाणीव असूनही पश्चात्ताप कां होत नाहीं, याचें उत्तर शेक्सपियरच्याच ‘हॅम्लेट’ या दुसऱ्या नाटकांत अधिक उघडपणें दिलेलें आहे. तेथें क्लॉडियस नांवाच्या राजानें सख्ख्या भावाला विष घालून मारिलें आहे, त्याची गादी घेतली आहे व त्याच्या विधवेशीं लग्न केलें आहे. तिसऱ्या अंकांत तो एकटाच गुडघे टेकून प्रार्थना करूं पाहतो. आपलें पाप काइनाच्या पापासारखें आहे हें तो कबूल करितो. देवाची दया कितीही मोठी असूं शकेल हेंही तो जाणतो. पण एक प्रश्न त्याला अडवितो: ज्यासाठीं खून केला तो मुकुट, ती सत्ता व ती राणी हीं सर्व मजजवळ असतां मी क्षमा कशी मागूं? पाप सोडावयाचें नाहीं आणि क्षमा मात्र हवी, हें पृथ्वीवरील लांचखाऊ न्यायांत चालतें, वर चालत नाहीं, असा निवाडा तो स्वतःच देतो. मग तो उठतो. मुकुट तसाच डोक्यावर राहतो. हॅम्लेट मागून येऊन त्याला प्रार्थना करितांना पाहतो व त्याचें मन खरोखर पालटलें असें समजतो. बाहेरून पाहणाराची अशी फसगत होऊं शकते.

मॅकबेथचा अडथळाही हाच आहे. तो झोंपेसाठीं तळमळतो, मेलेल्या डंकनचा हेवा करितो, कारण तो तरी शांत निजला आहे. पण डंकनचा मुकुट माल्कमला परत देण्याचा विचार त्याच्या मनांत एकदांही येत नाहीं. जक्कयाची गोष्ट याच्याशीं ताडून पाहावी. त्याच्या डोळ्यांतून अश्रु आले असें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचें व ज्याला लुबाडलें त्याला चौपट परत करण्याचें तो उभा राहून कबूल करितो, एवढेंच लिहिलें आहे. बांध कोरणाऱ्यानें सभेंत कितीही हुंदके दिले तरी शेजाऱ्याची हातभर जमीन परत येत नाहीं. ती परत देण्यास तो दुसऱ्या दिवशीं कुदळ घेऊन निघाला, म्हणजे त्याचा पश्चात्ताप सुरू झाला.

८. कॉडरचा सरदार

आतां शेवटीं ज्याच्याकडे वाचकांचें क्वचितच लक्ष जातें अशा एका मनुष्याकडे वळूं. नाटकाच्या आरंभीं कॉडरचा सरदार राजाशीं फितूर झाल्याबद्दल देहांत शिक्षा भोगतो. तो रंगभूमीवर येतही नाहीं. त्याच्या मरणाची हकीकत माल्कम सांगतो: त्यानें आपला राजद्रोह मोकळेपणानें कबूल केला, राजाची क्षमा मागितली, आणि मनापासून पश्चात्ताप केला, त्याच्या आयुष्यांत त्याच्या मरणाइतकें शोभून दिसलेलें दुसरें कांहीं नव्हतें. त्याला शिक्षा टळली नाहीं. तरी तो मोकळा होऊन मेला.

ही हकीकत संपते न संपते तोंच मॅकबेथ आंत येतो. त्या सरदाराची पदवी त्याला आधींच मिळालेली आहे. राजद्रोहाचा वारसाही तो चालविणार आहे. त्याच मनुष्यानें दाखविलेली परत फिरण्याची वाट मात्र तो घेत नाहीं. शेक्सपियरनें कथेच्या उंबरठ्यावरच हें उदाहरण ठेविलें आहे, यावरून इतकें तरी समजावें कीं मॅकबेथला दुसरा मार्गच नव्हता असें नाहीं. शेवटच्या लढाईंत मॅकडफ समोर येतो तेव्हांही मॅकबेथ त्याला टाळूं पाहतो व म्हणतो कीं तुझ्या घरच्यांच्या रक्ताचा भार माझ्या जिवावर आधींच फार आहे. या घटकेलाही जाणीव जिवंत होती. तिला कबुलीची जोड मिळाली असती, तर त्याचें मस्तक कदाचित् वांचलें नसतें, पण त्याचा घसा आमेन म्हणण्यापुरता मोकळा झाला असता, असें आम्हांस वाटतें.

म्हणून ज्या कोणाचें मन आज त्याला टोंचत आहे त्यानें त्या टोंचणीचा राग करूं नये, व तिच्यावर समाधानही मानूं नये. ती दार ठोठावणाऱ्यासारखी आहे. दार उघडून सत्य बोलावें, दुसऱ्याचें जें हातीं असेल तें परत करावें, आणि देवाच्या दयेवर भार टाकून निजावें. दावीदानें नाथानापुढें तेंच केलें, आणि त्याच्या त्या दिवसाची आठवण एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या रूपानें आजवर मंडळींत म्हटली जाते.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. खुनापूर्वीं मॅकबेथपाशीं त्याविरुद्ध कोणकोणतीं कारणें होतीं? तीं असतांही तो कां ढळला?

२. त्याला आमेन कां म्हणतां आलें नाहीं? तो शब्द पुन्हां म्हणतां यावा म्हणून त्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय करावयास पाहिजे होतें?

३. ‘आतां फार उशीर झाला’ असें म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर द्यावें? त्याच्या पुढें जाण्यानें ज्यांचें नुकसान होईल अशा माणसांचीं नांवें त्याला मोजून दाखवितां येतील काय?

४. राणीच्या दाराशीं उभ्या असलेल्या वैद्याच्या व दासीच्या जागीं आपण असतों तर काय केलें असतें?

५. क्लॉडियस, यहूदा, जक्कय व कॉडरचा सरदार या चौघांची तुलना करा. कबुली कोणीं दिली? परतफेड कोणीं केली किंवा करूं म्हटलें? ऐकून घेणारा कोणाला भेटला?